कडू कोणाचं, गोड कोणाचं?

सावंगी (मेघे)ला कवितावाचन झालं. एक प्राध्यापक उठून म्हणाले, "अनुभव अस्सल आहे, पण कडवटपणा फार." मागं बसलेली म्हातारी पुटपुटली, "कडू हाय त कडूच लागीन ना बापा!" म्हातारीची समीक्षा मला जास्त नेमकी वाटते. पण प्राध्यापकांचा शब्द तसा सोडून चालणार नाही. 1972 च्या 'गोलपिठा'पासून ही तक्रार आपण ऐकतो आहोत.

मित्रहो, या शब्दाला चव आहे तशी जातही आहे. मुंबई इलाख्याची जुनी गॅझेटिअरं काढून बघा. कितीतरी जातींचे 'गोड' आणि 'कडू' असे भाग नोंदलेत. लग्नाची संतती गोड, बिनलग्नाची कडू. 'कडू बेणं' ही शिवी याच मुळावरची. बेणं म्हणजे ऊस, हळद लावायचं बियाणं. म्हणजे शिवी पोराला, बोट आईकडं. तिला त्या जागी नेणारा मात्र गोडच राहतो! आणि हीच मंडळी 'कडवा देशभक्त' म्हणतात तेव्हा शब्द गौरवाचा होतो. कडवे वाल तर आवडीनं सोलतात.

गोड शब्दांचा अनुभवही आपल्याला आहे. वर्ध्याच्या पलीकडच्या अंगाला सेवाग्राम. गांधीजी 1936 साली तिथं राहायला आले, त्याआधीच त्यांनी 'हरिजन' हा शब्द देशभर नेला होता. ऐकायला केवढा गोड! 1938 साली मुंबई विधिमंडळात हा शब्द कायद्यात घालायला निघाले, तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभात्याग करून बाहेर पडले. त्यांनाही कोणी कडवट म्हटलंच असेल.

आता आपल्याबद्दल. त्या दिवशी आपल्याच एका तरुण कवीनं गावच्या पाटलाला 'कडू बेनं' म्हटलं आणि टाळ्या पडल्या. मीही वाजवली. घरी येताना खटकलं. शरणकुमार लिंबाळे यांनी 1984 साली 'अक्करमाशी' हीच शिवी आत्मकथनाचं नाव केली. तोळ्याचे मासे बारा, याचे अकरा. त्यांनी ती स्वतःवर घेतली, म्हणून ती गावावर उलटली. आपल्या कवीनं ती पाटलावर फेकली, आणि लागली पाटलाच्या आईला. म्हणजे गोड-कडूचा तराजू त्यांचाच, फक्त आपल्या हातात.

कवीला हे सांगितलं. तो चिडला, म्हणाला, "मंग काय गुळ वाटू का त्याईले?" गुळ नको. त्या पाटलानं किती मजुरी बुडवली तेवढं लिही. ती ओळ त्याच्या कवितेत नव्हती.