आधी तू, मग मी

झेफिर ही छोट्या चिपवर चालणारी रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीम. २०१६ साली लिनक्स फाउंडेशनने ती सर्वांसाठी खुली केली. तिच्या नमुना प्रोग्रॅममध्ये 'सिंक्रोनायझेशन' नावाचा एक इवलासा प्रोग्रॅम आहे. दोन थ्रेड, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारी दोन कामं, आळीपाळीने 'हॅलो' म्हणतात, एवढंच त्याचं कथानक. रेल्वे जंक्शन असलेल्या दौंडच्या माणसाला मात्र तो इतरांपेक्षा लवकर कळावा.

कारण त्यात पाळी ठरवणारा सेमाफोर डच संगणकतज्ज्ञ डाइकस्ट्रा यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला रेल्वेवरूनच उचलला. एकेरी मार्गावर जुन्या पद्धतीत टोकनचा गोळा हाती आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढच्या सेक्शनात घालत नसे. इथेही तेच: सेमाफोर मिळाला तर बोलायचं, नाहीतर मुकाट थांबायचं.

आता कोड पाहा. थ्रेड दोन, पण फंक्शन एकच. आपला सेमाफोर घे, हॅलो म्हण, थोडं थांब, अर्धा सेकंद झोप, मग दुसऱ्याचा सेमाफोर मोकळा कर. पहिल्याला 'ए' आपला आणि 'बी' दुसऱ्याचा. दुसऱ्याला नेमकं उलट. फक्त आर्ग्युमेंटची अदलाबदल केली आणि संवाद उभा राहिला! झोप आधी, सोडणं नंतर, हा क्रमही बघण्यासारखा आहे. पहिला झोपलेला असतो तेव्हा दुसरा जागा असूनही अडलेला, कारण पाळी अजून झोपलेल्याच्याच हातात आहे. दोघांची प्रायॉरिटी सारखीच, ७. म्हणजे मोठेपणाच्या जोरावर कोणी पुढे घुसत नाही.

खरी गंमत सुरुवातीच्या आकड्यांत आहे. एक सेमाफोर १ पासून सुरू होतो, दुसरा ० पासून. तो १ पुसून तिथेही ० लिहा: दोघे एकमेकांची वाट पाहत कायमचे बसतील. एररचा एक शब्दही उमटणार नाही.

हा खेळ पाहायला बोर्ड विकत घ्यावा लागत नाही. फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये सुरू केलेला क्यूएमू हा एम्युलेटर २५६ केबी फ्लॅश आणि ६४ केबी रॅम असलेल्या जुन्या कॉर्टेक्स-एम३ चिपचं सोंग साध्या लॅपटॉपवर घेतो. झेफिरच्या 'वेस्ट' या कमांडने बिल्ड करा, त्यानेच रन करा. टर्मिनलवर ए, बी, ए, बी अशा ओळी उतरू लागतात. कंट्रोल-ए आणि मग एक्स दाबेपर्यंत.

पण सोंग ते सोंगच. क्यूएमूत कोण आधी, कोण नंतर हे पारखता येतं. किती मायक्रोसेकंदांत, हे नाही. खऱ्या चिपची प्रत्येक क्लॉक-सायकल तो मोजत नाही. शिरूर तालुक्यात रांजणगाव एमआयडीसीत वॉशिंग मशीन, फ्रिज, मोटारी बनतात. असल्या यंत्रांतल्या कंट्रोलरचं काम उशिरा झालं तर बरोबर असूनही चुकलेलंच, आणि ती चूक शेवटी खऱ्या बोर्डावर ऑसिलोस्कोप लावूनच पकडावी लागते. हा नमुना मात्र क्यूएमूत इतका खुलतो, कारण त्याचा सगळा जीव क्रमात आहे.

शिरूर-दौंडकडच्या डिप्लोमाच्या पोरांनी लॅबला किट येण्याची वाट पाहू नये. हा प्रोग्रॅम आज उघडावा, तो १ चा ० करून पाहावा आणि टर्मिनल गप्प का झालं ते कोडमधल्या ओळीवर बोट ठेवून सांगावं.