पानाचा चा

बेळगावच्या खडेबाजारातल्या एका दुकानात मी पहिल्यांदा "पानाचा चहा आहे का?" असं विचारलं, तेव्हा दुकानदारानं मला भाजी मार्केटचा रस्ता दाखवला. "गवती चहा तिकडं मिळतोय की वो." गवती नको, सुटा हवा, पानाचा, असं मी समजावलं. "सुटाच हाय," म्हणत त्यानं डब्याचं झाकण काढलं. "बारीक देऊ की जाड?"

आत काळी, दाणेदार पूड. त्याचं काही चुकलं नव्हतं. बेळगाव-निपाणीकडं सुटा चहा म्हणजे वजनावर मिळणारा, पुड्यात न भरलेला चहा. बाजारात पोचेपर्यंत त्यातलं पान कधीच नाहीसं झालेलं असतं. दातेरी रुळांतून पान चिरडायचं, फाडायचं आणि वळवून त्याचा दाणा करायचा, ही सीटीसीची रीत आसामात 1930 च्या सुमारास निघाली. दाणा उकळत्या पाण्यात झटकन रंग सोडतो, दुधाला पुरून उरतो आणि थोडक्या पुडीत घरभराचे कप होतात. हा कडक चा मी सोडलेला नाही. त्याला नाक मुरडणारे नवशिके मला आवडतही नाहीत. आषाढातल्या बेळगावी पावसात आलं ठेचून केलेल्या गुळाच्या चहाला तोड नाही. (गूळ मात्र भांडं खाली उतरवल्यावर घालावा, नाहीतर दूध फाटतं.) पण तो झाला दाण्याचा चहा. पान काय चीज आहे, हे त्यातून कळायला वाव नाही.

पुण्यात 1890 साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधल्या चहापानावरून ग्रामण्य माजलं होतं. रानडे, टिळक अशी मंडळी त्यात अडकली आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. याच टिळकांनी 1916 मध्ये आमच्या बेळगावात होमरूल लीग स्थापन केली, म्हणून असेल, पण ती हकिकत मी आपुलकीनं वाचतो आणि दर वेळी मला एकच प्रश्न पडतो: चहा झाला कसा होता? सीटीसीला अजून चाळीस वर्षं होती. म्हणजे एवढं रामायण घडलं ते पानाच्याच चहावरून.

माझ्या हाती पहिलं पान आलं ते निलगिरीचं, उटीला गेलेल्या शेजाऱ्यांनी आणलेलं. आपल्याच पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडचं हे पान शिकाऊ माणसाला सांभाळून घेतं. मिनिटभर जास्त राहिलं तरी तोंड फारसं कडू करत नाही. मी त्याची फार वाईट संभावना केली. पाकीट उघडून ठेवलं ते कांदा-लसूण मसाल्याच्या डब्याशेजारी. चहाचं पान भोवतालचा वास शोषून घेतं, हे मला आठवड्यानं कळलं. तोवर चहाला कोल्हापुरी फोडणी बसली होती.

पाण्याचा धडा त्यानंतरचा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर. इथं पाणी शंभर अंशांना उकळतच नाही, साडेसत्त्याण्णवच्या आसपासच खळखळतं. काळ्या चहाला ते बेताचं आहे. हिरव्या चहाला मात्र पंचाहत्तर-ऐंशी अंश पुरतात. उकळतं पाणी घातलंत तर तो पालकाच्या पाण्यासारखा लागतो आणि वर घसा धरतो. मी पाणी उकळून पसरट पातेलीत ओततो आणि चार-पाच मिनिटं तसंच ठेवतो. मापाचंही तसंच. चमच्यावर विसंबू नये. दाण्याचा चमचा गच्च भरतो, पानाच्या चमच्यात निम्मी हवा असते. मी छोट्या काट्यावर अडीच ग्रॅम मोजतो, दीडशे मिलिलिटर पाणी आणि तीन मिनिटं. बायको म्हणते, सोनं तोलल्यासारखं चाललंय.

आता खरा कप. दार्जिलिंगचा, मे-जूनच्या दुसऱ्या बहराचा. मार्च-एप्रिलच्या पहिल्या बहराचं पान हिरवट असतं आणि त्याला कोवळ्या मक्याच्या ताटासारखा वास येतो. ते मला अजून नीटसं उमगलेलं नाही. दुसरा बहर माझ्याशी बोलतो. कोरडं पान तळहातावर घ्यावं: तपकिरी, पिळदार, मधेच एखादा रुपेरी टोकाचा कोंब. वास जवळजवळ नाहीच. नवशिक्या इथंच फसतो, पुडीसारखा भपका आला नाही म्हणून माल शिळा समजतो. वाफेखाली पान ओलं झालं की मग ते तोंड उघडतं. या वासाला जाणकार मस्कटेल म्हणतात, मस्कत जातीच्या द्राक्षांवरून. ती द्राक्षं मी खाल्लेली नाहीत. मला तासगावच्या बेदाण्याचा डबा उघडल्यासारखं वाटतं, आणि त्यामागं जुन्या लाकडी कपाटाचा वास.

हा वास येतो कुठून ते कळलं तेव्हा मी थक्क झालो. चहाच्या कोवळ्या पानावर तुडतुडे बसतात, रस शोषतात, आणि स्वतःला वाचवण्यासाठी झाड पानात वेगळी सुगंधी द्रव्यं तयार करतं. मस्कटेलचं बरंचसं श्रेय या किड्याला देतात. आमच्याकडं आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे दिसले की लोक फवारणीचा पंप काढतात!

रंग पाहायला आतून पांढरा कप हवा. घासलेल्या तांब्याच्या तांब्यावर ऊन पडावं तसा रंग दिसतो, आणि तळ स्वच्छ दिसतो. पहिला घोट मात्र निराशा करतो. आपली जीभ दूध-साखरेच्या वजनाला सरावलेली. तिला हे पाणचट लागतं. मग जिभेच्या कडा आवळल्यासारख्या होतात आणि आपण घाईनं म्हणतो, कडू आहे. कडू नाही, तुरट आहे. जांभूळ, आवळा, पोपटी सुपारी खाल्लेल्या माणसाला हा फरक शिकवायला नको, फक्त आठवण करून द्यायला हवी. दुधातली प्रथिनं ही तुरटी बांधून टाकतात, म्हणून चहा तुरट असतो हे आपण जन्मभर चहा पिऊन विसरलेलो असतो. तुरटी ओसरते आणि घशामागून बेदाणा परत वर येतो. त्यासाठी चहा जरा निवावा लागतो.

आणि फुरका मारावा. लहानपणी आजोबांचं पाहून बशीतून फुर्र करत चहा प्यायलो म्हणून मी मावशीचा धपाटा खाल्लाय. चहाची परीक्षा करणारे लोक पगार घेऊन हेच करतात: चमचाभर चहा मोठ्यानं फुरकतात, म्हणजे त्यात हवा मिसळून वास नाकाच्या मागच्या वाटेनं चढतो. आजोबांच्या बशीला शास्त्राचा आधार होता.

माझं आजोळ निपाणीचं. तिथं पान या शब्दाचा अर्थ एकच, तंबाखू. मामांची हयात वखारीत गेली. वखारीत बायका चाळणीवर तंबाखूचं पान, काडी आणि धूळ वेगळी करतात. नाकाला पदर बांधला तरी खोकला चुकत नाही. चहाच्या कारखान्यातही शेवटचं काम चाळणीचंच. अख्खं पान, तुकडा, चुरा आणि सर्वांत खाली डस्ट. याच तंबाखूच्या भावासाठी 1981 मध्ये शरद जोशींबरोबर शेतकऱ्यांनी निपाणीत पुणे-बंगळूर हमरस्ता अडवला होता. मामा त्या दिवसांबद्दल फारसं बोलत नाहीत. पानाबद्दल मात्र बोलतात.

गेल्या श्रावणात ते घरी आले, तेव्हा मी त्यांना हा दार्जिलिंगचा चहा दिला. दोन घोट घेतले आणि भिडेखातर म्हणाले, "बरा हाय. आजारी माणसाला चांगला." मग गाळणीत त्यांचं लक्ष गेलं. भिजलेलं पान त्यांनी दोन बोटांत उचललं, बशीत पसरलं, नखानं उलगडलं. दोन पानं आणि मधे बंद कोंब, एकाच देठाला.

"ह्यो तर शेंडा हाय."

"हो मामा. चहात तेवढाच खुडतात."

"आमी ह्योच खुडून बांधावर टाकायचो. शेंडा ऱ्हायला तर सगळा जोर फुलात जातोय, खालचं पान भरत न्हाई." जरा थांबून त्यांनी विचारलं, "कितीला म्हणालास किलो?"

मी आकडा सांगितला. मामांनी तो कोंब, मघाशी उचलला त्याहून हलक्या हातानं, गाळणीत परत ठेवला.