छायेतील परका माणूस : फ्रीडलँडर आणि टिटारेंको यांची छायाचित्रे

चेहरा ओळखू येत नाही, म्हणून सार्वजनिक ठिकाणी अनोळखी माणसाची छायाकृती टिपल्याने त्याच्या खासगीपणाला बाधा येत नाही, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हा समज तपासून पाहणे आवश्यक आहे.

अमेरिकन छायाचित्रकार ली फ्रीडलँडर (जन्म १९३४) यांचे १९६६ मधील न्यूयॉर्कच्या रस्त्यावरील छायाचित्र या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. फरचा कोट घातलेली एक स्त्री पाठमोरी आहे. तिच्या पाठीवर छायाचित्रकाराच्याच डोक्याची व खांद्यांची सावली पडली आहे. फरमुळे सावलीचे केस ताठ उभे राहिल्यासारखे दिसतात, हा त्यातील विनोद होय. मात्र विनोद ओसरताच अस्वस्थता उरते, कारण इतकी ठळक सावली पडण्यासाठी माणूस अगदी जवळ असावा लागतो. तिचा चेहरा आपल्याला दिसत नाही हे खरे. परंतु तिलाही तो दिसत नाही, हे अधिक गंभीर आहे. मागावर असलेल्याला चौकटीबाहेर लपू दिले नाही, हे फ्रीडलँडर यांचे श्रेय. तरीही हे छायाचित्र त्यांच्या आत्मचित्रांत गणले जाते, म्हणजे त्या स्त्रीकडे केवळ पडद्याचे काम उरते. या वर्गीकरणाबद्दल समीक्षकांनी फारशी कुरकुर केलेली दिसत नाही!

हाँगकाँगचे फॅन हो यांच्या १९५४ च्या 'अप्रोचिंग शॅडो'मधील स्त्री मुळात परकी नव्हती, नात्यातली होती. सावलीही डार्करूममध्ये घातलेली होती. त्यामुळे ते सुंदर चित्र प्रस्तुत प्रश्नाला स्पर्श करीत नाही.

अलेक्सी टिटारेंको यांची 'सिटी ऑफ शॅडोज' ही मालिका मात्र करते. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर सेंट पीटर्सबर्गमधील गर्दी त्यांनी शटर दीर्घकाळ उघडे ठेवून टिपली. हलणारी माणसे धुक्यासारखी विरघळली. येथे कोणाचाही पाठलाग नाही, पण धोका वेगळा आहे : टंचाईने गांजलेल्या माणसांचे दुःख सामुदायिक प्रतीकात हरवून जाते. वासिलिओस्त्रोव्स्काया मेट्रो स्थानकाच्या पायऱ्यांवरील १९९२ च्या छायाचित्रात हा धोका टळला आहे. तेथे देह पुसले गेले, परंतु ज्यांनी क्षणभर कठडा धरला त्यांचे हात तेवढे स्थिर राहिले. सर्वत्र धुके, आणि कठड्यावर कोणाकोणाची बोटे.