निवासी शाळेतील शोधक

सांदीपनींच्या आश्रमात विद्याध्ययन पुरे झाल्यावर राम-कृष्णांनी कोणती गुरुदक्षिणा दिली, हे भागवताच्या दशम स्कंधाच्या श्रोत्यांस सांगावयास नको. प्रभासक्षेत्री समुद्रात नाहीशा झालेल्या गुरुपुत्राचा त्यांनी शोध घेतला. पंचजन दैत्याच्या उदरात तो सापडला नाही, तेव्हा थेट यमपुरी गाठली. घरापासून दूर शिकणाऱ्या मुलाने दुसऱ्याच्या हरवलेल्या माणसाचा माग काढावा, ही कथावस्तू आपल्याला परकी नाही. म्हणूनच प्रसिद्ध गुप्तहेरांना निवासी शाळेत आणून बसविण्याची जी प्रथा आजच्या कुमारवाङ्मयात पडली आहे, तिच्याकडे कौतुकाने, पण चिकित्सकपणे पाहिले पाहिजे.

ब्रिटनी कॅव्हलारो या अमेरिकन लेखिकेची २०१६ मधील ‘अ स्टडी इन शार्लट’ ही कादंबरी या प्रथेचा ठळक नमुना होय. कॉनन डॉयल यांच्या १८८७ मधील पहिल्या होम्सकथेवरून तिचे नाव बेतले आहे. होम्स आणि वॉटसन खरोखरच होऊन गेले असे गृहीत धरून त्यांचे वंशज, शार्लट होम्स व जेमी वॉटसन, कनेक्टिकटमधील एका शाळेत एकत्र आणले आहेत. एका विद्यार्थ्याचा खून होतो, संशय या दोघांवरच येतो, आणि गुन्हे जुन्या होम्सकथांच्या धर्तीवर रचलेले आढळतात. रचना चतुर आहे. शार्लटचे एकाकीपण, तिचे व्यसन आणि तिच्यावर झालेला अत्याचार लेखिकेने लपविलेला नाही. पुस्तक जाणत्या मुलांच्याच हाती द्यावे, परंतु ते उथळ खचित नाही. आमचा आक्षेप निराळा आहे. येथे बुद्धी कुळातून येते, आणि मोरिआर्टींशी असलेले वैरही कुळातूनच येते. वाचणाऱ्या सामान्य मुलाने मग कोणाच्या आधारे शोधक व्हावे?

याचे उत्तर मराठीत भा. रा. भागवतांनी (१९१०–२००१) केव्हाच देऊन ठेवले आहे. त्यांचा बनेश फेणे, म्हणजेच फास्टर फेणे, फुरसुंगीचा. शिक्षणासाठी पुण्याच्या विद्याभवनात आलेला. अंगाने किरकोळ, पायांना सायकलचा वेग, आणि तोंडात ते विख्यात ‘ट्टॉक्’! वीस पुस्तकांत तो कुठे कुठे धावला. परंतु कोणा थोर पूर्वजाचे नाव त्याच्या पाठीशी नाही. दुसऱ्याचे संकट दिसले की त्याला स्वस्थ बसवत नाही, एवढेच त्याचे भांडवल.

आदित्य सरपोतदार यांच्या २०१७ मधील चित्रपटाने या फेणेला नवा अवतार दिला. अमेय वाघ यांनी रंगविलेला हा बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यास आलेला तरुण आहे. ओझरत्या ओळखीचा एक परीक्षार्थी मरण पावतो; सारे त्यास आत्महत्या म्हणतात; हा एकटा विश्वास ठेवीत नाही आणि परीक्षेच्या काळ्या बाजारापर्यंत जाऊन पोहोचतो. स्वतः भागवतांची व्यक्तिरेखा दिलीप प्रभावळकरांनी साकारली आहे; ही लेखकाविषयीची कृतज्ञता लोभस वाटते. शाळा मात्र गेली, सवंगडी गेले, आणि खोडकरपणाची जागा पुष्कळदा मारामारीने घेतली. ही हानी थोडी नव्हे. तरीही चित्रपटाने मूळचा प्राण राखला आहे, असे आम्हांस वाटते; कारण घटकाभराच्या मित्रासाठी जीव धोक्यात घालणारा मुलगा हा फेणेच आहे.

बोरगाव-सौंसरच्या आमच्या परिसरात हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. घरी मराठी, शाळेत हिंदी, आणि पुढे परीक्षेच्या ओढीने नागपूरच्या वसतिगृहात, असा कित्येक मुलांचा मार्ग आहे. जामसावळीच्या मारुतीरायास नमस्कार करून निघालेल्या या मुलांना कुळाची कीर्ती तिकडे कोणी विचारणार नाही. शेजारच्या खोलीतला मुलगा दोन दिवस जेवला नाही, हे त्यांच्या ध्यानी यावे आणि त्याचे कारण शोधावेसे वाटावे, इतकी शिदोरी बरोबर हवी. ती शार्लटपाशी थोडी आहे, फेणेपाशी पुष्कळ आहे. चित्रपट मुलांना अवश्य दाखवावा. परंतु त्याआधी देवळाच्या वाचनालयात भागवतांची मूळ पुस्तके आणून ठेवावीत, एवढी व्यवस्थापकांस विनंती आहे.