ब्रेक्झिटनंतरची कटुता: नेमकं काय मोजलं?

२३ जून २०१६ ला ब्रिटनमध्ये सार्वमत झालं. युरोपियन युनियन सोडायच्या बाजूने ५१.९ टक्के मतं पडली, राहायच्या बाजूने ४८.१ टक्के. निकाल लागला, पण भांडण मिटलं नाही. लोक स्वतःला 'लीव्हर' आणि 'रिमेनर' म्हणवू लागले. सारा होबोल्ट, थॉमस लीपर आणि जेम्स टिली यांचा 'डिव्हायडेड बाय द व्होट' हा पेपर याच दुभंगावर आहे. ही नवी ओळख पक्षनिष्ठेइतकी घट्ट झाली आणि पक्षांच्या रेषा ओलांडून गेली, हे त्यांचं म्हणणं पटतं.

माझं अडतं ते एका मोजमापापाशी. तुमच्या मुलाने किंवा मुलीने विरुद्ध बाजूच्या व्यक्तीशी लग्न केलं तर चालेल का? इथे नकार आला की आपण तो आकसात जमा करतो. पण उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण होतं? शेजारचा माणूस, की टीव्हीवर तावातावाने भांडणारा कार्यकर्ता? समारा क्लार, याना क्रुप्निकोव्ह आणि जॉन बॅरी रायन यांनी अमेरिकेत हे तपासलं. होणारी सून किंवा जावई राजकारणावर क्वचितच बोलतो असं सांगितलं, की सोयरिकीला असलेली नाराजी बरीच कमी होते.

पेपर या एकाच प्रश्नावर उभा नाही, हे खरं. तरी आपली प्रश्नावली करताना 'विरुद्ध बाजूची व्यक्ती' म्हणजे कोण, ते आधी ठरवा. नाहीतर राजकारणाला नुसती कंटाळलेली माणसं आपल्या तक्त्यात शेजाऱ्यांची वैरी म्हणून नोंदली जातील.