जिवाणू मेला, पण जनुकाचं काय? एका पेपरचं चिकित्सक वाचन

सांडपाण्याचं निर्जंतुकीकरण आणि अँटिबायोटिक रेझिस्टन्स या विषयावर सिनॉप्सिस लिहायला बसलात, तर एक पेपर हमखास समोर येतो. मॅकिनी आणि एमी प्रुडन यांचा, २०१२ साली 'एन्व्हायर्न्मेंटल सायन्स अँड टेक्नॉलॉजी' या जर्नलमध्ये आलेला. यूव्ही प्रकाशाने रेझिस्टंट जिवाणू मरतात हे माहीत होतंच. त्यांच्या पोटातली रेझिस्टन्सची जनुकंही निकामी होतात का, हा या पेपरचा प्रश्न.

पेपर चांगला आहे. पण "यूव्हीचा काही उपयोग नाही" असं म्हणण्यासाठी कुणी त्याचा हवाला दिला, तर सावध व्हा. पेपर तेवढं सांगत नाही.

आधी त्यांनी काय केलं ते बघू. एमआरएसए, व्हँकोमायसिनला न जुमानणारा एन्टरोकॉकस, ई. कोलाय आणि स्यूडोमोनास असे चार जिवाणू घेतले. प्रत्येकात एक ओळखीचं रेझिस्टन्स जनुक. यूव्हीचा डोस वाढवत नेला आणि दोन गोष्टी मोजल्या: किती जिवाणू वाढू शकतात आणि किती जनुकं क्यूपीसीआरमध्ये अजून दिसतात. जिवाणू ४ ते ५ लॉगने कमी व्हायला १० ते २० मिलिज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर एवढा डोस पुरला. जनुकं ३ ते ४ लॉगने कमी व्हायला मात्र २०० ते ४०० लागला.

(लॉगचा गोंधळ होत असेल तर: १ लॉग म्हणजे ९० टक्के घट, २ लॉग म्हणजे ९९, ४ लॉग म्हणजे ९९.९९.)

एवढा फरक का? यूव्हीमुळे डीएनएतले शेजारी-शेजारी असलेले थायमिन एकमेकांना चिकटतात. ई. कोलायचा जीनोम साधारण ५० लाख बेसचा, आणि एक जनुक हजार-बाराशे बेसचं. गारपीट आठवा. एकरभर शेतात कुठे ना कुठे गार पडणारच, पण ठरावीक एका वाफ्यात पडायला गारपीट बरीच जोराची लागते. जिवाणूची वाढ थांबायला शेतात कुठेही झालेलं नुकसान चालतं, जनुक बिघडायला त्याच वाफ्यात व्हावं लागतं. ज्या जनुकात असे शेजारी थायमिन जास्त, ते लवकर बिघडलं, हेही पेपरमध्ये दिसतं. मला पेपरचा हा भाग सगळ्यात भक्कम वाटतो, कारण इथे आकड्यामागे कारण आहे.

आता अमेरिकेतल्या एनडब्ल्यूआरआय या संस्थेचं सांडपाणी पुनर्वापराचं मार्गदर्शक सूत्र बघा. वाळूसारख्या माध्यमातून गाळलेल्या पाण्यासाठी डोस १०० मिलिज्यूल. म्हणजे जिवाणूंसाठी भरपूर, जनुकांसाठी अपुरा. इथपर्यंत पेपरचा इशारा रास्त आहे.

पण तीन ठिकाणी थांबून विचारायला हवं.

पहिलं, क्यूपीसीआर नेमकं काय मोजतं? जनुकाच्या ज्या तुकड्यावर प्रायमर बसतात, तेवढंच. नुकसान त्या तुकड्याच्या बाहेर झालं तर जनुक निकामी असूनही "शाबूत" मोजलं जातं. उलट, बिघडलेला डीएनए दुसऱ्या जिवाणूने आत घेतला, तर त्याची दुरुस्ती-यंत्रणा तो नीटही करू शकते. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी शक्य आहे. "क्यूपीसीआरमध्ये दिसतं" आणि "रेझिस्टन्स देऊ शकतं" ही दोन वेगळी विधानं आहेत.

दुसरं, मेलेल्या पेशीतलं जनुक किती धोक्याचं? काँज्युगेशनला देणारा जिवाणू जिवंत लागतो. तो मेला की तो रस्ता बंद. मोकळा डीएनए उचलण्याचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मेशनचा रस्ता उरतो, पण तो सगळ्याच जिवाणूंना जमत नाही आणि पाण्यातली न्यूक्लिएज एन्झाइम्स डीएनए तोडतही असतात. धोका शून्य नाही, पण जिवंत जिवाणूइतका नक्कीच नाही. "उपयोग नाही" हा निष्कर्ष इथेच कोसळतो.

तिसरं, प्रयोगशाळेत वाढवलेले चार जिवाणू म्हणजे एसटीपीचं पाणी नव्हे. तिथे जिवाणू गाळाच्या कणांना चिकटून असतात, कणांच्या सावलीत यूव्हीपासून वाचतात. काही जिवाणू नंतर उजेडात डीएनए दुरुस्तही करतात.

हे सगळं आपल्याला का महत्त्वाचं? केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०१७ च्या अधिसूचनेत एसटीपीतून सुटणाऱ्या पाण्यासाठी फीकल कोलिफॉर्मची मर्यादा आहे: १०० मिलीला १००० एमपीएनपेक्षा कमी. त्यातले रेझिस्टंट किती, हा रकानाच नाही. समजा, एक प्लांट बरोबर या मर्यादेवर चालतो आणि त्यातले १० टक्के कोलिफॉर्म रेझिस्टंट आहेत. म्हणजे मिलीला १. रोज १० लाख लिटर पाणी सुटलं, तर रोज १०० कोटी रेझिस्टंट जिवाणू नदीत. जिवंत. मेलेल्या पेशींतल्या जनुकांचा हिशोब अजून धरलेलाच नाही.

म्हणून माझं मत असं: हा पेपर जरूर वाचा, पण "जनुकं उरतात" या वाक्यावर सिनॉप्सिस उभी करू नका. जिवंत रेझिस्टंट जिवाणूंची कल्चरवरची मोजणी, क्यूपीसीआर आणि जमलं तर ट्रान्सफॉर्मेशनची चाचणी, तिन्ही एकाच नमुन्यावर ठेवा. आणि कुठल्याही पेपरमध्ये "९९.९९ टक्के घट" वाचलं, की आधी दोन प्रश्न विचारा: कशाची घट? आणि उरलं किती? व्हायव्हामध्ये हेच प्रश्न तुम्हालाही येणार आहेत.