स्पर्धेतला रोजचा वर्ग : बॅलेच्या परीक्षेची दुर्लक्षित बाजू

बॅले स्पर्धांची चर्चा बहुधा ‘व्हेरिएशन’भोवती, म्हणजे एखाद्या गाजलेल्या नृत्यनाट्यातून उचललेल्या आणि एकट्याने सादर करायच्या छोट्या नृत्यखंडाभोवती फिरत राहते. हा खंड स्पर्धक महिनोन् महिने आपल्या शिक्षकाच्या नजरेखाली घोटून आणतो, त्यामुळे रंगमंचावर दिसते त्यात नर्तकाचे स्वतःचे किती आणि शिक्षकाने बसवलेले किती, हे सांगणे जाणकारांनाही जड जाते. स्पर्धेच्या दिवसांत अनुभवी शिक्षक रोज जो वर्ग घेतात, त्यात मात्र रचना तिथल्या तिथे सांगितली जाते आणि लगोलग नाचावी लागते. घोटून आणलेल्या सफाईचा तिथे फारसा उपयोग होत नाही, आणि म्हणूनच तरुण नर्तकाचा खरा कस या वर्गातच लागतो.

वर्गाचा क्रम सगळीकडे साधारण सारखा असतो. आरंभ ‘बार’पाशी, म्हणजे कमरेच्या उंचीवरच्या आडव्या दांड्याला हात टेकवून होतो. आधी गुडघे बाहेरच्या बाजूला वळवून वाकवण्याचे ‘प्लिए’, मग पाऊल जमिनीला घासत लांबवण्याचे ‘ताँद्यू’, असे करत देह तापवला जातो. त्यानंतर दांडा सोडून खोलीच्या मध्यभागी संथ तोलाचे काम, गिरक्या, लहान उड्या आणि शेवटी अंतर कापणाऱ्या मोठ्या उड्या येतात. मोठ्या उड्या शेवटी ठेवण्यामागे शरीरशास्त्र आहे, कारण पोटऱ्या आणि घोटे पुरते तापले नसताना घेतलेली उडी इजेला आमंत्रण देते. अननुभवी डोळ्यांना ताँद्यू अगदीच किरकोळ वाटेल. परंतु पाऊल पुढे जाताना टाच आधी सरकते की बोटे, ज्या पायावर उभे राहायचे त्यावर भार नीट आहे की तो मागे टाचेवर ढळला आहे, एवढ्यावरून मुरलेला शिक्षक त्या विद्यार्थ्याच्या गिरकीचे भवितव्य ओळखतो.

स्पर्धेतल्या शिक्षकापुढची खरी अडचण वेगळी आहे. समोरची मुले एका गुरुकुलातली नसतात. कुणी अग्रिपिना व्हागानोव्हा यांच्या रशियन पद्धतीत वाढलेले असते, कुणी एन्रिको चेकेत्ती यांच्या इटालियन परंपरेत, तर कुणी डेन्मार्कच्या बूर्नोनव्हिल शैलीत. डोक्यावर गोलाकार धरलेल्या हातांच्या स्थितीला व्हागानोव्हा पद्धतीत तिसरी म्हणतात आणि चेकेत्ती पद्धतीत पाचवी. अशा वर्गात नुसता क्रमांक उच्चारून भागत नाही. शिक्षक आपल्या तळव्यांनी पावलांची चाल हवेत रेखतो, ताल तोंडाने मोजतो आणि पियानोवादकाला लय देतो. रचना अशी असावी लागते की कोणतीही परंपरा परकी ठरू नये, पण लक्ष न देणारा उघडा पडावा. शिक्षक नवखा असेल तर हे दोन्ही एकाच वेळी साधणे अवघड असते.

या कामाला सर्वाधिक प्रतिष्ठा स्वित्झर्लंडमधील ‘प्री द लोझान’ने दिली. फिलिप आणि एल्व्हिर ब्राउनश्वाइग या दांपत्याने 1973 मध्ये सुरू केलेली ही स्पर्धा साधारण 15 ते 18 वयाच्या नर्तकांसाठी आहे आणि तिचे पारितोषिक म्हणजे नामवंत शाळेत किंवा नृत्यसंस्थेत शिकण्याची शिष्यवृत्ती. परीक्षक अभिजात आणि समकालीन अशा दोन्ही वर्गांत बसतात, आणि तयार कलावंतापेक्षा होऊ घातलेला कलावंत शोधणे हा त्यांचा घोषित हेतू असल्याने वर्गातले काम निकालात धरले जाते. 1980 मध्ये येथे पारितोषिक मिळवणारे पात्रिक आर्माँ पुढे याच स्पर्धेत शिक्षक म्हणून उभे राहिले, ही परंपरेच्या दृष्टीने मोलाची गोष्ट होय. अंतिम फेरीत न पोहोचलेल्यांनाही शाळा व नृत्यसंस्थांच्या संचालकांसमोर पुन्हा नाचण्याची संधी दिली जाते आणि तिथेही निवडीचे साधन वर्ग हेच असते.

इतरत्र चित्र असे नाही. बल्गेरियातील व्हार्ना येथे 1964 पासून समुद्रकाठच्या उद्यानातल्या खुल्या नाट्यगृहात स्पर्धा होते, तर अमेरिकेतील जॅक्सन येथे 1979 मध्ये सुरू झालेली स्पर्धा आता दर चार वर्षांनी भरते. अशा अनेक फेऱ्यांच्या स्पर्धांत निकाल रंगमंचावर ठरतो आणि वर्गाचे मुख्य काम देह टिकवून धरण्याचे असते. हे कामही हलके नाही. थकलेल्या घोट्याला उद्याच्या फेरीपर्यंत शाबूत ठेवणारा बेताचा वर्ग आखायला मोठा विवेक लागतो. तरीही परीक्षकांची नजर वर्गाकडे वळत नसेल, तर गिरक्यांची संख्या आणि पायाची उंची यांनाच भाव येतो, आणि बॅलेचे आजचे मोठे दुखणे हेच आहे.

लोझानची पद्धतही निर्दोष नाही. परीक्षक आणि कॅमेरे समोर असले की विद्यार्थी चुकायला धजत नाही, आणि चुकायची मुभा नसेल तर वर्गाची चाचणी होऊन बसते. वर्ग जगभर थेट दाखवले जाऊ लागल्यापासून शिक्षकावरही आपले कौशल्य दाखवण्याचा दबाव येतो. पण 2021 मध्ये महामारीमुळे परीक्षकांना चित्रफिती पाहून निर्णय द्यावा लागला, तेव्हा वर्गाचे मोल वेगळ्या रीतीने कळले, कारण शिक्षकाने दुरुस्ती सांगितल्यावर पुढच्याच क्षणी देह ती कशी स्वीकारतो, हे पाठवलेल्या चित्रफितीत दिसत नाही.

काही दिवसांत कुणाचे तंत्र बदलत नाही, हे प्रत्येक जाणता शिक्षक मानतो. म्हणून तो एका विद्यार्थ्याला दहा दोष सांगत बसत नाही, एकच सांगतो आणि तोच रोज पाहतो. ही एक दुरुस्ती घरच्या वर्गात पुढे चालू राहिली तरच रुजते. त्यासाठी स्पर्धकासोबत आलेल्या शिक्षकाला वर्गात बसू देणे आणि वर्गानंतर दोन्ही शिक्षकांना त्या एका विद्यार्थ्याविषयी बोलायला वेळ राखून ठेवणे, एवढी व्यवस्था प्रत्येक आयोजकाला करता येण्याजोगी आहे, आणि पारितोषिकांची रक्कम वाढवण्याआधी ती व्हायला हवी.